पाळणा सजवण्याआधी

बाळ घरी येण्याआधी पाळणा आणू नये, हा संकेत महाराष्ट्रातील असंख्य घरांत आजही पाळला जातो. सोनोग्राफीचे फोटो नातेवाइकांना पाठवणारी शिकली-सवरली कुटुंबेही पाळणा मात्र आधी आणत नाहीत. बाळंतपणातून बाई आणि बाळ दोघे सुखरूप सुटतीलच याची खात्री नव्हती, त्या काळातील धास्ती या संकेतामागे आहे. तिची थट्टा करण्याचे कारण नाही. पण तिचा एक व्यावहारिक परिणाम होतो. रुग्णालयातून सुटी मिळणे आणि बारसे यांच्यात जेमतेम आठ-नऊ दिवस उरतात आणि पाळण्याची सगळी धावपळ तेवढ्यात उरकावी लागते. कोणी माळ्यावरचा पणजोबांच्या वेळचा सागवानी पाळणा उतरवून सुताराकडून घाईघाईने पॉलिश करून घेतो, कोणी मावसबहिणीच्या मुलाचा मागवतो, तर कोणी मोबाइलवर चित्र पाहून बारशाच्या आदल्या दिवशी पोहोचेल असा पलंग ऑनलाइन नोंदवतो. बाराव्या दिवशी थिनरचा वास येणाऱ्या पाळण्यात, फुलांच्या आणि फुग्यांच्या गर्दीत, बाळाचे नाव ठेवले जाते. फ्रिज घेताना चार दुकाने फिरणारे घर या वस्तूची साधी मापेही घेत नाही.

मापे घेतली पाहिजेत, कारण नवजात बाळ दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपते आणि पहिले तीन-चार महिने त्याला स्वतःहून कूसही बदलता येत नाही. चेहऱ्यावर आलेले पांघरूण बाजूला सारता येत नाही, फटीत अडकलेले डोके मागे घेता येत नाही. बाळासाठी विकत घेतलेल्या बाकीच्या वस्तू कोणीतरी मोठे माणूस समोर असताना वापरल्या जातात. पाळणा ही एकच वस्तू अशी, की ती बाळाला एकटे सोडता यावे म्हणूनच घेतलेली असते. मग ती दिसायला कशी आहे यापेक्षा घरातील सगळे झोपले असताना ती कशी वागते, हे पाहायला हवे.

बाळाच्या झोपेबद्दलचे वैद्यकशास्त्राचे ज्ञान फार जुने नाही, आणि त्याची किंमत फार मोठी मोजावी लागली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पाश्चात्त्य देशांत बाळाला पालथे झोपवण्याचा सल्ला रूढ झाला. उलटी झाली तर ती घशात अडकणार नाही, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते. अमेरिकेतील बेंजामिन स्पॉक यांच्या बालसंगोपनाच्या प्रचंड खपाच्या पुस्तकातही १९५० च्या दशकात तोच सल्ला आला. सल्ला डॉक्टरांचा होता, हेतू चांगला होता, आणि तो चुकीचा होता. रात्री धडधाकट झोपवलेले बाळ सकाळी मृतावस्थेत सापडण्याच्या घटना वाढत गेल्या. न्यूझीलंड, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया येथील संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस पालथे झोपवणे आणि हे मृत्यू यांचा संबंध ठामपणे दाखवला. ब्रिटनमध्ये १९९१ साली बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये सल्ला बदलला आणि १९९४ पासून तेथेही देशव्यापी मोहीम निघाली. काही वर्षांतच अशा अचानक मृत्यूंचे प्रमाण दोन्ही देशांत निम्म्याहून खाली आले. त्यासाठी ना औषध लागले, ना यंत्र. बाळ उताणे ठेवले गेले एवढेच. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात अंदाज मांडला आहे, की उपलब्ध पुराव्याचा अर्थ १९७० पर्यंत नीट लावला गेला असता तर युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील किमान पन्नास हजार बालके वाचली असती.

असे का होते, याचेही उत्तर बऱ्यापैकी हाती आहे. मऊ पृष्ठभागात तोंड खुपसून झोपलेल्या बाळाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्या नाकातोंडाभोवतीच साठतो आणि तोच पुन्हा आत घेतला जातो. बहुतेक बाळे अशा वेळी चुळबुळतात, मान वळवतात, रडून उठतात. पण काही बाळांच्या मेंदूच्या बुंध्यातील, श्वास आणि जाग यांचे नियंत्रण करणारी यंत्रणा तेवढी तयार नसते. त्यांना जागच येत नाही. बोस्टनमधील हॅना किनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडलेले गृहीतक आजही मानले जाते: बाळातील छुपा कमकुवतपणा, पहिल्या काही महिन्यांचे नाजूक वय आणि बाहेरचा एखादा ताण या तीन गोष्टी एकत्र आल्या की घात होतो. यातील पहिल्या दोन आईबापांच्या हातात नाहीत. तिसरी आहे, आणि ती बव्हंशी अंथरुणात असते.

यावर घरातील आजी म्हणतील, की आपल्याकडे बाळ पूर्वीपासूनच उताणे झोपवतात. ते बरेचसे खरे आहे आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. पण त्याच आजींना बाळ उताणे असताना दूध श्वासनलिकेत जाईल अशी भीतीही वाटते, म्हणून बाळाला कुशीवर लावून पाठीशी लोड ठेवला जातो. शरीररचना या भीतीच्या विरुद्ध बोलते. बाळ उताणे असते तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेले दूध श्वासनलिकेत शिरायचे तर त्याला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध चढावे लागेल. पालथ्या बाळात नेमके उलटे होते. कुशीवरचे बाळ तर जराशा हालचालीने पालथे होऊ शकते. तेव्हा दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढावी आणि मग उताणेच ठेवावे. पुढे पाच-सहा महिन्यांचे बाळ स्वतःहून पालथे पडू लागले, की त्याला रात्रभर सुलटे करत बसण्याची गरज नाही. फक्त त्याच्या आसपास काही ठेवू नये.

भारतात अर्भकमृत्यूंची मोठी कारणे वेगळी आहेत: अपुऱ्या दिवसांचे व कमी वजनाचे बाळ, जन्मतः गुदमरणे, जंतुसंसर्ग. म्हणून झोपेतील मृत्यू हा विकसित देशांचा प्रश्न मानण्याची सवय आपल्याला लागली आहे. अमेरिकेत अशा अचानक व अनपेक्षित बालमृत्यूंची संख्या आजही वर्षाला सुमारे साडेतीन हजार भरते, कारण तेथे प्रत्येक मृत्यूची चौकशी होते. आपल्याकडे ‘दूध अडकले’ एवढे म्हणून विषय मिटतो. शवविच्छेदनापर्यंत असे प्रकरण क्वचितच जाते आणि गादी, उशी, पाळणा यांची पाहणी तर त्याहून क्वचित. ज्याची मोजदाद नाही त्याची काळजीही नाही, असे आपल्या आरोग्यव्यवस्थेत नेहमीच घडते.

दरम्यान बाजार मात्र पुढे गेला आहे. मोठ्या शहरांतील दुकानांत बाळाच्या पलंगाबरोबर एक ‘सेट’ मिळतो: फुगीर रजई, उशी, दोन बाजूंना छोटे लोड, आणि कठड्याला आतून बांधायच्या मऊ गाद्यांची झालर. छायाचित्रात हे सारे फार गोड दिसते. या झालरीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पूर्वी पलंगाच्या गजांमध्ये रुंद अंतर असे. बाळाचे धड त्यातून बाहेर निसटे आणि डोके अडके. त्यावर उपाय म्हणून आतून गादी बांधायची पद्धत आली. अमेरिकेने १९७३ मध्ये दोन गजांतील अंतर सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त नको असा नियम केला आणि झालरीचे कारणच संपले. कारण संपले, झालर राहिली. आता ती शोभेची झाली. तिच्यात तोंड खुपसून, तिच्या नाड्यांत अडकून बाळे दगावत राहिली आणि अखेर २०२२ मध्ये तेथे कायदा करून अशा जाड झालरींच्या विक्रीवर बंदी आली. त्याच कायद्याने दहा अंशांपेक्षा जास्त उतार असलेल्या, बाळाला अर्धवट बसते ठेवून झोपवणाऱ्या आसनांवरही बंदी घातली. अशा उतारावर बाळाची हनुवटी छातीवर टेकून श्वासमार्ग दुमडतो, शिवाय पोटाच्या स्नायूंवर ताण येऊन बाळ लवकर थकते. तिथे विकता न येणाऱ्या या वस्तू इथे भेट म्हणून रंगीत कागदात बांधून येतात.

आपली घरगुती भर म्हणजे राईची उशी. डोके गोल व्हावे म्हणून मोहरी भरलेली ही लहान उशी जवळजवळ प्रत्येक बाळंतविड्यात असते. बाळाला एका वर्षापर्यंत उशीची गरज नसते. त्याचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्याने उशीने मान पुढे वाकते. उसवलेल्या शिवणीतून बाहेर आलेले दाणे नाकात जाण्याचा धोका वेगळाच. डोके एका बाजूने चपटे होऊ नये यासाठी सोपा उपाय आहे. बाळ जागे असताना, कोणी समोर असताना, त्याला दिवसातून काही वेळा थोडा वेळ पालथे ठेवावे आणि झोपवताना डोक्याची दिशा आलटून-पालटून बदलावी. जागेपणी पोटावर, झोपेत पाठीवर.

पाळणा कसाही असो, लाकडी, लोखंडी, वेताचा किंवा प्लास्टिकचा, एक टेप घेऊन बसावे. गजांतील अंतर सहा सेंटीमीटरच्या आत आहे का? जुन्या कातीव गजांच्या पाळण्यांत ते हमखास जास्त असते, आणि मधला एखादा गज निखळलेला असेल तर ते दुप्पट होते. गादी आणि कडेच्या मध्ये दोन बोटांहून जास्त फट आहे का? असेल तर ती गादी त्या पाळण्याची नाही, आणि फटीत दुपटे कोंबणे हा त्यावरचा उपाय नव्हे. कोपऱ्याचे खांब वर आलेले आहेत का? पाळण्याच्या खांबांवरचे मोर, हत्ती, कळस फार देखणे असतात, पण उभे राहू लागलेल्या बाळाच्या झबल्याचा गळा त्यांत अडकू शकतो. संखेड्याचे लाखकाम केलेले रंगीत पाळणे पुण्या-मुंबईत हौसेने आणले जातात. बारशाला ते जरूर वापरावेत. रोजच्या झोपेसाठी ठेवायचे तर याच मापांवर तपासून.

खाली सरकणारी बाजू असलेले पलंग हे दुसरे प्रलोभन. कंबरेतून न वाकता बाळाला उचलता येते, बाळंतिणीला ते सोयीचे वाटते. पण ती बाजू ज्या खटक्यांवर चालते ते झिजतात, तुटतात, एक कोपरा निसटतो आणि कड व गादी यांच्यात इंग्रजी व्ही अक्षरासारखी फट तयार होते. अमेरिकेत २००० पासूनच्या दहा वर्षांत अशा पलंगांशी ३२ बालमृत्यूंचा संबंध जोडला गेला आणि जून २०११ पासून त्यांची विक्री थांबवण्यात आली. वापरलेला पलंग घेताना म्हणूनच ही बाजू पाहावी, सगळे स्क्रू मूळचे आहेत का ते पाहावे. दोरीने किंवा तारेने आवळलेला सांधा दिसला तर किंमत न विचारता परत यावे.

झोका हा आपल्या पाळण्याचा प्राण आहे. हलक्या, संथ लयीने बाळ शांत होते यात शंका नाही. झोप लागली की मात्र पाळणा स्थिर असावा, सपाट असावा आणि जमिनीपासून शक्य तितका खाली असावा. छताच्या हुकाला किंवा चौकटीला टांगलेली कापडी झोळी यातील एकही अट पूर्ण करत नाही. कापड बाळाच्या वजनाने खोलगट होते, बाळ त्यात धनुष्यासारखे वाकते आणि हनुवटी छातीला टेकते. कापड दोन्ही बाजूंनी चेहऱ्यावर येते, त्यामुळे आत काय चालले आहे ते दिसत नाही. अलीकडच्या स्प्रिंगच्या झोळ्यांत हुक निसटण्याची आणि स्प्रिंग तुटण्याची भर पडली. मोठी भावंडे रिकाम्या झोळीत खेळताना साडीचा पीळ गळ्याभोवती बसल्याच्या दुर्घटना भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. ‘रिकामा पाळणा हलवू नये’ असे जुन्या बायका म्हणत. कारण काही का असेना, झोळीपुरते ते म्हणणे आजही ऐकावे. बाळाला झोळीत निजवायचेच असेल तर कोणी समोर बसलेले असताना निजवावे, झोप लागताच सपाट अंथरुणावर ठेवावे.

हा सल्ला फ्लॅटमधल्या कुटुंबाला देणे सोपे आहे. उसाच्या फडात किंवा इमारतीच्या बांधकामावर बाभळीच्या नाहीतर परांचीच्या आधाराने टांगलेली झोळी ही आईची हौस नसते. खाली मुंग्या, विंचू, भटकी कुत्री, सिमेंटची धूळ असते. झोळी हीच तिथली सगळ्यांत सुरक्षित जागा असते. त्या आईला धडे देण्यापेक्षा तिच्या मुकादमाला आणि कंत्राटदाराला विचारले पाहिजे, की पाळणाघर कुठे आहे. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने पन्नासपेक्षा अधिक महिला कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची अट घातली. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना तीच अट लावली. कागदावरच्या या पाळणाघरांपैकी किती प्रत्यक्षात आहेत, हे कुठल्याही बांधकामाच्या कुंपणाआड डोकावून कळते.

गादीबद्दल एकच कसोटी पुरेशी आहे. तळहाताने दाबून हात उचलावा. खड्डा राहिला तर गादी बाळासाठी मऊ आहे. मोठ्यांना सुखाची वाटते ती गादी बाळाला घातक ठरू शकते. काथ्याची किंवा घट्ट फोमची पातळ गादी चांगली. नवी पिंजलेली कापसाची गादी फुगीर असते आणि जुनी गुठळ्यांची होते, म्हणून ती टाळलेली बरी. तिच्यावर रबरी कापड आणि ताणून खोचलेली सुती चादर. बस्स. ज्या घरात पाळण्याला जागा नाही, तिथे जमिनीवर सतरंजी आणि घट्ट गोधडी अंथरून, आईच्या अंथरुणाला लागून पण वेगळे, बाळाला झोपवणे हे महागड्या पलंगाइतकेच शास्त्रशुद्ध आहे. जमिनीवरून कोणी पडत नाही. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या २०२२ च्या शिफारशीही हेच सांगतात: पृष्ठभाग घट्ट, सपाट आणि रिकामा असावा, आणि बाळ किमान सहा महिने आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतंत्र अंथरुणावर असावे. म्हणजे बाळासाठी वेगळी खोली सजवण्याची जी हौस सध्या जाहिरातींतून आपल्याकडे झिरपते आहे, तिला पहिल्या सहा महिन्यांत तरी वैद्यकीय आधार नाही.

बाळाला कुशीत घेऊन झोपण्याचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे. आपल्याकडे ती रीतच आहे, आणि रात्री स्तनपानाला ती मदत करते. जेम्स मॅकेना यांच्यासारख्या मानववंशशास्त्रज्ञांनी तिची बाजू अभ्यासपूर्वक मांडली आहे. धोका कुठे वाढतो याबद्दल मात्र मतभेद नाहीत. शेजारी झोपणारे माणूस सिगारेट-विडी ओढणारे असेल, दारू किंवा गुंगीचे औषध घेतलेले असेल, बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर एका अंथरुणात झोपू नये. आणि सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डुलकी काढणे, जे हौशी वडील आणि आजोबा नेहमी करतात, ते सर्वांत धोक्याचे.

माळ्यावरच्या पाळण्याकडे पुन्हा वळायला हवे, कारण त्याचा रंग हा वेगळा विषय आहे. दात येताना बाळ कठडा चावते आणि जुन्या रंगाचे पापुद्रे पोटात जातात. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगाचा भरवसा देता येत नाही. शिशाची कोणतीही मात्रा मुलांसाठी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसे असलेली भारतातील मुले सुमारे २७.५ कोटी आहेत. त्यांना शिसे मुख्यतः पाळण्यातून मिळाले असे कोणी म्हणणार नाही. जुन्या बॅटऱ्यांचे भट्टीकाम, भेसळीचे मसाले, भांडी असे अनेक मार्ग आहेत. पण हा एक मार्ग घरच्या घरी बंद करता येतो. जुना रंग घरात कोरडाच घासू नये, तो भुकटी होऊन सगळीकडे बसतो. बाहेर, ओला करून, बाळ आणि बाळंतीण दूर असताना तो काढावा. नवा रंग किंवा पॉलिश दिल्यावर पाळणा काही आठवडे उघड्यावर वाळू द्यावा. पार्टिकल बोर्डच्या नव्या कपाटांतून येणारा डोळे झोंबवणारा वास हा बहुधा डिंकातील फॉर्मल्डिहाइडचा असतो. तेही बाळाच्या खोलीत आणण्याआधी महिनाभर हवेशीर जागी ठेवलेले बरे. हे सगळे बाराव्या दिवसापर्यंत उरकत नाही. पाळणा आधी घरात आणायचा नसेल तर नको. तो सुताराकडे किंवा शेजाऱ्यांकडे सातव्या महिन्यापासून वाळत ठेवायला कोणत्याही संकेताची आडकाठी नाही.

पाळणा ठेवायचा तो खिडकी, पडद्याची दोरी, विजेचे बटण यांपासून दूर. डास ही आपली खरी अडचण आहे, त्यामुळे मच्छरदाणी हवीच. ती ताणलेली असावी, बाळाच्या हाताला लागेल अशी लोंबती नको. त्याच खोलीत डासांची अगरबत्ती जाळून तिचा धूर बाळाला देऊ नये. बारशाच्या माळा, झिरमिळ्या, चिमणाळ्याच्या लांब दोऱ्या दुसऱ्या दिवशी काढून टाकाव्यात. दृष्ट लागू नये म्हणून बांधायचा काळा दोरा हातापायात असेल तर वादाचे कारण नाही, पण गळ्यात तो नको. आणि टोपडे: कमी वजनाच्या बाळाला, जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत, थंडीत ते आवश्यक असते. एप्रिलच्या उकाड्यात नागपुरात चांगल्या वाढलेल्या तीन महिन्यांच्या बाळाला टोपडे, मोजे आणि दुपट्यात गुंडाळून झोपवणे हा मात्र त्याच्यावर अन्यायच. बाळ डोक्यावाटे उष्णता बाहेर टाकते, आणि अति उबेने झोप धोकादायक होते.

पलंगाच्या पाठोपाठ वॉकर येतो. गोल चौकटीत बसून पायांनी ढकलायच्या या चाकांच्या गाडीने मूल लवकर चालते, हा समज खोटा आहे. जिन्यावरून पडणे, गरम भांड्यापर्यंत पोहोचणे हे मात्र खरे. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर सरसकट बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा त्या मानाने शहाणा. त्यात बसायची सोय नाही, स्वतःच्या पायांवर उभे राहता येईल तेव्हाच तो धरून चालता येते आणि सोडला की मूल बसकण मारते. कपडे बदलायचे उंच टेबल घेऊ नये. ते काम चटईवर होते. कप्प्यांचे कपाट घेतले तर ते भिंतीला पट्टीने पक्के करावे, कारण वर्षभराचे मूल कप्पे उघडून त्यांचा जिना करते. अमेरिकेत एका बड्या कंपनीला २०१६ मध्ये अशी सुमारे २ कोटी ९० लाख कपाटे परत बोलवावी लागली, ती मुलांच्या अंगावर कलंडत होती म्हणून.

महाग म्हणजे सुरक्षित नव्हे, याचा दाखला फिनलंड देतो. तिथे १९३८ पासून सरकार मातांना बाळाच्या कपड्यांची पेटी देते, १९४९ पासून ती सर्वांना खुली आहे. पुठ्ठ्याच्या त्या खोक्यात तळाशी पातळ गादी असते आणि अनेक बाळांचा पहिला पलंग तोच. न्यूझीलंडमध्ये माओरी समाजात आईच्या शेजारी बाळाला ठेवण्याची रीत मोडायला न लावता, तिथल्या पातीने विणलेली परडी मोठ्यांच्या अंथरुणातच ठेवण्याचा तोडगा निघाला. सूप, टोपल्या आणि परड्या विणणारे हात आपल्याकडेही आहेत.

आपल्याकडे सरकारने खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक केले, ते चांगलेच झाले. खुळखुळ्याला जी शिस्त लागली ती, बाळ ज्यात दिवसाचे दोन तृतीयांश तास काढते त्या पाळण्याला तितक्याच कडकपणे लागली पाहिजे: गजांचे अंतर, रंग, सांध्यांची मजबुती, गादीचे माप, आणि हे सारे मराठीत लिहिलेली चिठ्ठी. गल्लीतल्या सुताराला प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र आणायला लावण्यात अर्थ नाही. त्याला सहा सेंटीमीटरचा एक लाकडी ठोकळा दिला तरी अर्धे काम होईल. महाराष्ट्रात सरकारी आरोग्य केंद्रात पहिल्या बाळासाठी ‘बेबी केअर किट’ देण्याची योजना काही वर्षांपूर्वी सुरू झाली. त्या पिशवीत उताण्या झोपलेल्या बाळाचे, रिकाम्या पाळण्याचे एक चित्र घालायला खर्च येत नाही. लसीकरणाचे वेळापत्रक समजावणाऱ्या परिचारिकेने आणि घरी येणाऱ्या आशाताईंनी दोन मिनिटे थांबून ‘बाळ कुठे झोपते, दाखवा’ एवढे विचारावे. सासूबाई, आई आणि बाळाचे वडील तिघे समोर असताना विचारावे, कारण पाळण्यात काय ठेवायचे हे बाळंतिणीच्या एकटीच्या हातात क्वचितच असते.

बारशाच्या दिवशी काही घरांत बाळाआधी वरवंट्याला टोपडे घालून पाळण्यात ठेवतात. रूढीचा अर्थ काही असो, तीन-चार किलोंचा दगड घालून पाळणा हलवून पाहण्याची ही चाचणी वाईट नाही. फक्त ती महिन्याने पुन्हा करावी, कड्या आणि साखळ्या हाताने ओढून पाहाव्यात. बाळ हातागुडघ्यांवर उठू लागले की झुलता पाळणा बंद करावा. कठड्याच्या पलंगात ते धरून उभे राहण्याआधी गादी सर्वांत खालच्या पातळीवर न्यावी, आणि ते कठडा ओलांडायचा प्रयत्न करू लागले की पलंग आवरावा. पुढच्या घरी तो देताना स्क्रू एका पिशवीत घालून, कोणत्या वर्षी घेतला आणि शेवटचा रंग कधी दिला ते कागदावर लिहून, ती पिशवी पलंगालाच बांधून द्यावी.